पांडुरोगाचे विभेदन : डॉ. लूसी विल्स यांचे मुंबईतील संशोधन व त्याचा पुढील विस्तार

चरकसंहितेत पांडुरोगाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी चार दोषपरत्वे मानलेले असून पाचवा मृद्भक्षणापासून, म्हणजे माती खाण्यापासून, उद्भवणारा होय. गरोदर स्त्रिया व लहान मुले यांना माती, राख, भिंतीचे पोपडे खाण्याची जी ओढ लागते तिचा रक्ताच्या न्यूनतेशी निकट संबंध आहे हे आजच्या वैद्यकासही मान्य आहे. मात्र त्यांतील कारण कोणते व कार्य कोणते याविषयीची मांडणी बदलली आहे. प्राचीनांच्या वर्गीकरणाची योग्यायोग्यता हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. परंतु पांडुता ही एक व्याधी नसून अनेक व्याधींचे समान बाह्य रूप आहे, ही दृष्टी त्या वर्गीकरणात होती. व्यवहारात ती टिकली नाही. 'अंगात रक्त नाही' किंवा 'पांढरी फटक पडली आहे' एवढे म्हणून घरोघर निदान होत राहिले आणि दवाखान्यांतूनही बराच काळ शक्तिवर्धक औषधाची एकच बाटली सर्वांच्या वाट्यास आली.

हे एकजिनसी निदान मोडून काढण्याच्या कामी विसाव्या शतकात जे संशोधन निर्णायक ठरले त्याचा एक महत्त्वाचा भाग मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत, १९२८ ते १९३३ या काळात पार पडला. डॉ. लूसी विल्स यांचे नाव या संशोधनाशी निगडित आहे. वैद्यकाच्या इतिहासात त्यांची ओळख बहुधा 'फॉलिक आम्लाच्या शोधाच्या जनक' अशी करून देण्यात येते. ही ओळख गौरवपर असली तरी तंतोतंत खरी नाही, आणि त्यांच्या कार्याचे जे खरे वैशिष्ट्य ते तीमुळे झाकले जाते. विल्स यांनी कोणतेही रसायन शुद्ध स्वरूपात वेगळे केले नाही. त्यांनी वेगळा केला तो एक रोग. आणि तो वेगळा करण्यासाठी त्यांना प्रयोगशाळेइतकाच गरीब स्त्रियांच्या चुलीपर्यंतचा मार्ग आक्रमावा लागला.

विल्स मुंबईस आल्या त्या वेळची परिस्थिती थोडक्यात पाहणे अवश्य आहे. कापड-गिरण्यांतील कामगारांपैकी सुमारे एक पंचमांश स्त्रिया होत्या व त्यांचा भरणा मुख्यत्वे वाइंडिंग आणि रीलिंग या खात्यांत असे. १९२१ साली मुंबईतील बालमृत्यूचे प्रमाण हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक नोंदले गेले होते. हा आकडा जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. बाळंतपणासाठी स्त्रिया कोकणात किंवा घाटावर आपल्या गावी जात, त्यामुळे जन्माची नोंद गावी आणि मृत्यूची नोंद मुंबईत, असा प्रकार पुष्कळ होत असे. तथापि ही सूट दिली तरी उरणारी भीषणता कमी नव्हती. गिरणीकामगार मातांच्या स्थितीविषयी मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांनी १९२२ च्या सुमारास पाहणी केली, तीत कामावर जाणाऱ्या माता तान्ह्या मुलांना अफू देऊन निजवीत असल्याची गोष्ट पुढे आली. १९२८ साल तर गिरण्यांच्या सार्वत्रिक संपाचे. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे सहा महिने गिरण्या बंद होत्या. त्याच वर्षी मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकाची चर्चा झाली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यास पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये त्याचे कायद्यात रूपांतर झाले. मातृत्व हा खाजगी विषय राहिला नसून श्रम, वेतन व सार्वजनिक आरोग्य यांचा विषय बनू लागला होता.

या पार्श्वभूमीवर भारतीय संशोधन निधी मंडळाने मातृमृत्यूची चौकशी हाती घेतली. तिची सूत्रे डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्याकडे होती. हिंदुस्थानातील स्त्री-वैद्यकसेवेत दीर्घ काळ काम केलेल्या बाल्फोर यांना अनुभवाने ठाऊक होते की, गरोदरपणाच्या उत्तरार्धात काही स्त्रियांना अतितीव्र रक्तक्षय होतो, लोहाच्या औषधाने त्यास उतार पडत नाही आणि त्यांतील पुष्कळ स्त्रिया प्रसूतीच्या आगेमागे दगावतात. या विकाराचा उलगडा करण्यासाठी त्यांनी लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातील विल्स यांना पाचारण केले.

विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी बर्मिंगहॅमजवळील सटन कोल्डफील्ड येथे झाला. केंब्रिजच्या न्यूनॅम महाविद्यालयात त्यांनी वनस्पतिशास्त्र व भूशास्त्र यांचा अभ्यास १९११ मध्ये पुरा केला. पण त्या विद्यापीठाने स्त्रियांना पूर्ण पदवी देण्यास १९४८ साल उजाडले, त्यामुळे परीक्षा उत्तीर्ण होऊनही पदवी नाही अशी त्यांची स्थिती होती. वैद्यकाकडे त्या उशिराच वळल्या. १९२० मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्या डॉक्टर झाल्या, आणि व्यवसाय थाटण्याऐवजी रासायनिक विकृतिशास्त्राच्या विभागात काम करू लागल्या. गरोदरपणातील चयापचयाचा त्यांचा अभ्यास तेथेच सुरू झाला होता. मुंबईस येताना त्या चाळीस वर्षांच्या होत्या.

त्या वेळी गंभीर रक्तक्षयाविषयीचे सर्व विचार एका नव्या यशाने भारलेले होते. १९२६ मध्ये बॉस्टन येथे मिनॉट व मर्फी यांनी मारक रक्तक्षयाचे रोगी यकृत खाऊ घालून बरे करून दाखविले होते. तोपर्यंत हा रोग नावाप्रमाणे मारकच होता. त्यात तांबड्या पेशींची संख्या घटते, मात्र उरलेल्या पेशी आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या असतात. लोहाच्या अभावाने होणाऱ्या रक्तक्षयात याच्या उलट पेशी लहान व फिकट होतात. मुंबईच्या गरोदर स्त्रियांच्या रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली असता मोठ्या पेशी दिसत, म्हणून या विकारासही 'गरोदरपणातील मारक रक्तक्षय' म्हणण्याचा प्रघात पडला होता. विल्स यांच्या पहिल्या लेखमालेचे नावही तेच आहे. परंतु साम्याबरोबर भेदही त्यांच्या ध्यानात आले. पाश्चात्त्य मारक रक्तक्षयात जठरातील आम्ल नाहीसे होते. येथील पुष्कळ रोग्यांत ते होते. तेथे मज्जातंतूंची हानी होते. येथे ती आढळत नव्हती. तेथील रोगी बहुधा उतारवयाचे, उपचार जन्मभर चालू ठेवावा लागणारे. येथील स्त्री प्रसूतीतून वाचली तर कित्येकदा पुढे आपोआप सुधारत असे. तेव्हा पेशींचा आकार सारखा असला तरी रोग एकच असेल काय, हा प्रश्न उभा राहिला.

प्रश्न सोडविण्याची विल्स यांची पद्धत विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. प्रथम संसर्गाची शक्यता तपासण्यात आली. ती पटण्याजोगी ठरली नाही. त्यानंतर डॉ. तळपदे यांच्या सहकार्याने मुंबईतील निरनिराळ्या थरांतील स्त्रियांच्या आहाराची व राहणीची पाहणी करण्यात आली आणि ती १९३० मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. याच सुमारास बाल्फोर यांनीही गिरणीतील स्त्रियांच्या प्रसूतिविषयक स्थितीचे अन्वेषण तळपदे यांच्यासमवेत प्रसिद्ध केले आहे. दोन्ही कामांत तळपदे हे नाव आढळते, ही गोष्ट आकस्मिक मानता येणार नाही. काय शिजते, कोणाच्या पानात किती पडते, गरोदरपणी काय वर्ज्य मानतात, उन्हे व वारा खोलीत किती येतो, ही माहिती घरात शिरल्याशिवाय व घरची भाषा बोलल्याशिवाय मिळत नाही. परदेशी संशोधिकेस ती मिळाली असेल तर अशा स्थानिक सहकाऱ्यांमुळेच. वैद्यकाच्या इतिहासात 'विल्स घटक' हे नाव राहिले, तळपदे यांचे नाव तळटीपेत गेले. संशोधनाच्या श्रेयविभागणीत असे नेहमीच घडत आले आहे. पण मुंबईच्या इतिहासकाराने ते तसेच सोडून देण्याचे कारण नाही.

पाहणीचा निष्कर्ष असा की, हा विकार सर्वांत अधिक आढळतो तो अत्यंत दरिद्री स्त्रियांत, विशेषतः गरीब मुसलमान कुटुंबांत. आणि या स्त्रियांच्या आहारात भाजीपाला, फळे व उत्तम प्रतीची प्रथिने यांची मोठी वाण असते. येथे त्या काळच्या लेखनाचा एक दोषही नोंदविला पाहिजे. आहार व विकार यांची सांगड जातिधर्मवार घालण्याची तत्कालीन पद्धत दारिद्र्याचा प्रश्न समाजाच्या चालीरीतींच्या कप्प्यात ढकलते. पडद्याची चाल, सूर्यप्रकाशाचा अभाव यांकडेही त्या काळी बोट दाखविले जाई. विल्स यांचे मोठेपण असे की, त्यांनी या अनुमानांपाशी न थांबता आहाराचीच प्रत्यक्ष परीक्षा घेतली. एक पदार्थ घालून पाहावयाचा आणि रक्त काय उत्तर देते ते मोजावयाचे, ही ती परीक्षा.

प्रयोगांची हकीकत सरळ रेषेतील यशाची नाही. १९२९ मध्ये काही महिने विल्स कुन्नूर येथील पाश्चर संस्थेत होत्या. रॉबर्ट मॅकॅरिसन यांचे पोषणविषयक विख्यात प्रयोग तेथेच चालू होते. पांढऱ्या उंदरांच्या माद्यांना मुंबईच्या गरीब स्त्रियांच्या आहारासारखा आहार देण्यात आला. गाभण माद्यांना रक्तक्षय झाला, काही विण्यापूर्वीच मेल्या, आणि आहारात यीस्ट घातले असता त्यांचा बचाव झाला. प्रमाण हाती आले असे वाटावे, अशी ही स्थिती होती. परंतु पुढे असे उघडकीस आले की, उंदरांच्या रक्तक्षयाच्या मुळाशी उवांमार्फत पसरणारा बार्टोनेला नावाचा जंतुसंसर्ग होता. प्राणिप्रयोगाचा पायाच डळमळला. तथापि याच सदोष प्रयोगाने यीस्टकडे लक्ष वेधले, आणि यीस्टविषयीचा संकेत मात्र खरा निघाला. शास्त्राच्या इतिहासात चुकीच्या वाटेने योग्य ठिकाणी पोहोचल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. हे त्यांतील एक नमुनेदार उदाहरण होय.

त्यानंतर ऱ्हीसस जातीच्या माकडांवर प्रयोग झाले. बिलिमोरिया यांच्या सहकार्याने केलेल्या या प्रयोगांचा वृत्तान्त १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला. तशाच निकृष्ट आहाराने माकडांत मोठ्या पेशींचा रक्तक्षय निर्माण करता येतो व तो यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे त्यात दाखविले आहे. एका मरणोन्मुख माकडास निराशेच्या भरात मार्माइट चाखविले आणि शोध लागला, अशी एक आख्यायिका लोकप्रिय लेखनात वारंवार येते. गोष्ट म्हणून ती मनोरंजक आहे. परंतु प्रकाशनांचा क्रम पाहता स्त्रियांवरील यशस्वी उपचाराचा लेख १९३१ च्या जूनमध्येच 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेला आहे. एका क्षणाच्या चमत्कारापेक्षा तीन वर्षांच्या गाळणीचेच हे फळ आहे.

त्या १९३१ च्या लेखाचा गाभा साधा आहे. अ व क जीवनसत्त्वे पुरवून स्त्रियांच्या रक्तात फरक पडला नाही. यकृत व यकृताचा अर्क यांनी पडला. पण तो महाग. मार्माइट या नावाने इंग्लंडात पावाला लावून खाण्यासाठी विकला जाणारा अर्क बिअर गाळून उरलेल्या यीस्टपासून बनवीत. काळसर, दाट, खारट अशी ही वस्तू यकृत-अर्काच्या मानाने स्वस्त होती. ती दिल्यावर काही दिवसांतच रक्तातील जालिकापेशी, म्हणजे अस्थिमज्जेने नुकत्याच सोडलेल्या कोवळ्या तांबड्या पेशी, झपाट्याने वाढत आणि पाठोपाठ रोगी सुधारू लागे. जालिकापेशींची ही वाढ मोजता येण्याजोगी असल्याने 'बरे वाटते' या सांगण्यावर विसंबावे लागत नव्हते. रक्तच साक्ष देत होते.

यीस्टमध्ये ब जीवनसत्त्वाचा समूह असतो हे तेव्हा ज्ञात होते. पण त्या समूहातील कोणता घटक गुणकारी, हे ज्ञात नव्हते. यकृतानेही गुण येतो आणि यीस्टनेही येतो, तेव्हा दोहोंतील द्रव्य एकच असावे, अशी सोपी समजूत करून घेणे शक्य होते. विल्स यांनी ती करून घेतली नाही. १९३३ नंतर लंडनला परतल्यावर त्यांनी हा प्रश्न पुढे नेला आणि १९३७-३८ च्या हिवाळ्यात त्या पुन्हा हाफकिन संस्थेत येऊन गेल्या. क्लटरबक व इव्हान्स यांच्यासह १९३७ मध्ये आणि इव्हान्स यांच्यासह १९३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखांत त्यांनी जे मांडले ते असे : यकृताचा ओबडधोबड अर्क या स्त्रियांना बरे करतो, तोच अर्क अधिकाधिक शुद्ध करीत नेला की, पाश्चात्त्य मारक रक्तक्षयावरील त्याचा गुण कायम राहतो, मात्र मुंबईच्या रक्तक्षयावरील गुण नाहीसा होतो. अर्थात यकृतात दोन वेगवेगळी द्रव्ये असली पाहिजेत आणि शुद्धीकरणात त्यांतील एक गळून जात असले पाहिजे.

या तर्काची सत्यता पुढील दहा वर्षांत सिद्ध झाली. १९४१ मध्ये मिचेल, स्नेल व विल्यम्स यांनी पालकाच्या टनावारी पाल्यातून एक द्रव्य वेगळे केले आणि पर्णवाचक लॅटिन शब्दावरून त्यास फॉलिक आम्ल असे नाव दिले. १९४५ च्या सुमारास लेडर्ली प्रयोगशाळेत त्याचे संश्लेषण झाले. त्या प्रयोगशाळेच्या संशोधनाची सूत्रे आंध्रात भीमवरम येथे जन्मलेल्या यल्लाप्रगड सुब्बाराव यांच्या हाती होती. १९४८ मध्ये ब-१२ जीवनसत्त्व इंग्लंड व अमेरिका या दोन्ही देशांत स्वतंत्रपणे हाती आले. शुद्ध यकृत-अर्कात उरत होते ते हे ब-१२, आणि गळून जात होते ते फॉलिक आम्ल. मुंबईच्या स्त्रियांत उणे होते ते दुसरे. पालेभाज्या, डाळी, यकृत यांत ते असते. फार वेळ उकळल्याने व पाणी फेकून दिल्याने त्याचा बराच नाश होतो. आणि गर्भाच्या वाढीसाठी त्याची गरज एकदम वाढते. पाहणीत दिसलेला भाजीपाल्याचा अभाव व गरोदरपण यांचा दुवा अशा रीतीने रसायनशास्त्राने जोडून दिला.

मातेच्या रक्तापासून बालकाच्या रक्तापर्यंतचा प्रवास या शोधाने कसा केला, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. १९४६ मध्ये डेट्रॉइट येथे झ्यूल्झर व ऑग्डेन यांनी अर्भकांतील बृहत्पेशी रक्तक्षयाचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि हा विकार प्रौढांपुरता नाही हे स्पष्ट झाले. केवळ बकरीच्या दुधावर वाढविलेल्या मुलांना होणारा रक्तक्षय युरोपात पूर्वीच ठाऊक होता. त्या दुधात फॉलिक आम्ल अत्यल्प असते हे त्याचे कारण आता कळले. आपल्याकडे बकरीचे दूध मुलास पथ्यकर मानण्याची समजूत जुनी आहे. वरचा आहार योग्य वेळी सुरू होत असेल तर तिच्यात भय नाही; तेच दूध एकमेव अन्न ठरले तर मात्र आहे.

याहून महत्त्वाचे काम वेल्लोर येथे झाले. जाधव, वेब, वैष्णव व बेकर यांनी १९६२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये काही अर्भकांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. ही मुले अंगावर पिणारी, निस्तेज, बसणे-हसणे विसरलेली, त्वचेवर काळसर डाग आलेली अशी होती व त्यांच्या रक्तात मोठ्या पेशी होत्या. त्यांच्या मातांत ब-१२ उणे होते, त्यामुळे दुधातही ते उणे होते. ब-१२ दिल्यावर मुले सुधारली. मातेची न्यूनता दुधावाटे मुलात उतरते, हे या कामाने निःसंदिग्ध दाखविले. येथेही पेशी मोठ्या, पण उणे द्रव्य निराळे. विल्स यांनी १९३७-३८ मध्ये केलेला भेद जर झाला नसता तर या मुलांना कदाचित फॉलिक आम्लच दिले गेले असते. त्याचा परिणाम काय होतो हे १९४० च्या दशकातच कळून चुकले होते : ब-१२ उणे असलेल्या रोग्यास केवळ फॉलिक आम्ल दिले तर रक्त सुधारते, डॉक्टरचे समाधान होते, आणि मज्जातंतूंची हानी मात्र आतून चालूच राहते.

फॉलिक आम्ल पेशींच्या वाढीस अपरिहार्य असते, या ज्ञानाची दुसरी बाजू सिडनी फार्बर यांनी बॉस्टन येथे ताडली. रक्ताच्या कर्करोगाने पछाडलेल्या मुलांत फॉलिक संयुगांनी रोग बळावतो असे त्यांना वाटले. म्हणून त्या आम्लाचा प्रतिरोध करणारे द्रव्य त्यांनी वापरले. सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेने ते पुरविले होते. जून १९४८ च्या लेखात सोळा मुलांपैकी दहांत सुधारणा झाल्याची नोंद आहे. ती सुधारणा तात्पुरती होती, पण त्या रोगात औषधाने काही होऊ शकते हे प्रथमच दिसले. मातेच्या पोटातील गर्भाविषयीचा निर्णायक पुरावा त्यानंतर बराच उशिरा आला. ज्या स्त्रियांच्या आधीच्या अपत्यास पाठीच्या कण्याचे व्यंग होते, त्यांनी गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक आम्ल घेतल्यास पुढील अपत्यात ते व्यंग सुमारे ७२ टक्क्यांनी टळते, हे ब्रिटिश वैद्यक संशोधन परिषदेच्या १९९१ च्या अभ्यासाने सिद्ध केले. विल्स यांनी ते पाहिले नाही. १९४७ मध्ये रॉयल फ्री रुग्णालयातून निवृत्त झाल्यावर त्या जमेका, फिजी आदी ठिकाणी पोषण व रक्तक्षय यांचीच निरीक्षणे करीत राहिल्या, चेल्सीच्या नगरपरिषदेत मजूर पक्षाच्या सदस्य झाल्या आणि १६ एप्रिल १९६४ रोजी निधन पावल्या.

भारत सरकारने १९७० मध्ये पोषणजन्य रक्तक्षयाच्या प्रतिबंधाची राष्ट्रीय योजना सुरू केली. गरोदर स्त्रीस रोज ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल, आणि मुलास २० मिलिग्रॅम लोह व १०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल, असे तिचे प्रमाण होते. दोन न्यूनतांवर एकच गोळी, ही योजना प्रशासनास सोयीची व बहुतांशी हितकरही आहे. पण सोयीमुळे पुन्हा ती जुनी एकजिनसी दृष्टी बळावली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार सहा महिने ते पाच वर्षे या वयातील ६७.१ टक्के मुले व ५२.२ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. ही पाहणी बोटाच्या थेंबातील हीमोग्लोबिन मोजते. कारण सांगत नाही. २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण पाहणीत शिरेतील रक्त घेऊन कारणे तपासण्यात आली, तेव्हा एक ते चार वर्षांच्या मुलांत रक्तक्षय ४१ टक्के आढळला. याच वयात लोहाची न्यूनता ३२, फॉलिक आम्लाची २३ आणि ब-१२ ची १४ टक्के मुलांत होती. दहा ते एकोणीस या वयात तर फॉलिक आम्लाची न्यूनता ३७ टक्क्यांवर, म्हणजे त्या वयातील लोहन्यूनतेच्याही वर, गेलेली दिसते. परळमध्ये १९३० साली जे दिसले ते संपुष्टात आलेले नाही.

आहाराच्या कारणांचा हा विस्तार पाहिल्यावर, ज्या रक्तक्षयास आहार मुळीच कारण नाही त्याचा विचार केल्याशिवाय विभेदनाचा विषय अपुरा राहतो. आणि त्यासाठी मुंबईपासून फार दूर जावे लागत नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांस कल्याणनजीकच्या लष्करी छावणीत वसविण्यात आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. सिंधी समाजात बीटा-थॅलसीमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकांचे प्रमाण देशातील सरासरी तीन ते चार टक्क्यांच्या मानाने बरेच अधिक आहे. हीमोग्लोबिनच्या जनुकातील ६१९ घटकांचा एक तुकडा गळालेला असणे, हा दोष या समाजात विशेषत्वाने आढळतो. माता व पिता दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भास हा रोग तीव्र स्वरूपात होण्याचा संभव चारांत एक असतो. कूली व ली यांनी १९२५ मध्ये डेट्रॉइट येथे या बालरोगाचे वर्णन केले. भारतातील त्याची नोंद १९३८ मध्ये कलकत्त्याहून मुखर्जी यांनी केली. अशा मुलास दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, आणि त्या रक्तातून साचणारे लोह औषधाने बाहेर काढावे लागते. वाहक मात्र धडधाकट असतो. तो किंचित फिकट दिसतो, इतकेच.

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यात आज गिरणगावाची जागा औद्योगिक वसाहतींनी घेतली आहे. अंबरनाथच्या औद्योगिक क्षेत्रात रोजंदारी करणाऱ्या, विदर्भ-मराठवाड्यातून किंवा उत्तर प्रदेशातून आलेल्या कुटुंबातील मूल आणि उल्हासनगरातील दुकानदाराचे मूल एकाच दवाखान्यात एकाच दिवशी येऊ शकते. दोघेही फिकट, दोघांचे हीमोग्लोबिन उणे आणि, विल्स यांच्या रोग्यांहून उलट, दोघांच्याही पेशी लहान. एकात लोह कमी आहे व ते दिले की मूल सुधारेल. दुसरे थॅलसीमियाचे वाहक असेल तर लोहाच्या बाटल्या वर्षभर पाजूनही फरक पडणार नाही, आणि मुख्य म्हणजे आईबापांपर्यंत जी वार्ता पोहोचावयास हवी ती त्या बाटल्यांखाली दबून जाईल. मोठ्या पेशींच्या बाबतीत मुंबईत जे झाले तेच येथे लहान पेशींच्या बाबतीत करावे लागते. हीमोग्लोबिन-ए-२ चे प्रमाण साडेतीन टक्क्यांहून अधिक निघाले की वाहकाची बहुधा निश्चिती होते. ती तपासणी हाताशी नसेल तेथेही एक ढोबळ गमक उपयोगी पडते, ज्याचा निर्देश मेंट्झर यांनी १९७३ मध्ये केला : लोह उणे असलेल्या मुलाच्या रक्तात पेशी लहान असतात व संख्येनेही कमी असतात, थॅलसीमियाच्या वाहक मुलात त्या लहान असल्या तरी संख्येने भरपूर असतात. म्हणून पेशीच्या सरासरी आकारमानास तांबड्या पेशींच्या संख्येने, दशलक्षात मोजून, भागावे. उत्तर तेराच्या खाली आले तर लोहाची बाटली लिहून देण्यापूर्वी आई व वडील या दोघांचेही रक्त मागवावे.